चाकांच्या खोलीचं छप्पर

आम्ही राहायचो त्या खोलीला चाकं होती. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. माझ्या सुनेला तर पहिल्यांदा वाटलं होतं की आम्ही सर्कशीत होतो. तसं काही नव्हतं. रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराची ती साइटवरची कॅबिन होती. जिथे काम चालू असेल तिथे ट्रॅक्टरला जोडून न्यायची, आत इंजिनिअरने टेबल टाकून बसायचं, काम संपलं की पुढच्या ठिकाणी. मुलुंडला पूर्वेकडे, हायवे ओलांडून मिठागरांकडे जी कच्ची वाट जायची तिच्यावर या ठेकेदाराचा एक मोठा रिकामा प्लॉट होता. एक मोडका रोडरोलर, डांबर उकळायच्या दोन टाक्या, गंजलेल्या पाइपांचा ढीग आणि ही कॅबिन, असं सगळं तिथे आणून टाकलेलं होतं आणि त्याची राखण करायला माझे बाबा होते. बाबांची मिल बंद पडली, मग परळची खोली गेली. ती कशी गेली ते लिहायला बसले तर हे राहून जाईल. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, माझा भाऊ अनंत सहा वर्षांचा. आम्ही त्याला अंतू म्हणायचो. वॉचमनने प्लॉटवरच राहायचं अशी अट होती, आणि राहायला ती कॅबिन, म्हणून बाबांनी नोकरी धरली. आईने पहिल्या दिवशी आत पाय टाकला, खोली जराशी हलली, आणि ती तशीच दाराला धरून उभी राहिली.

खोली लांबट होती. एस.टी.च्या डब्यातली बाकडी काढून टाकली तर कशी दिसेल, साधारण तशी. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, खाली लाकडी फळ्या, आणि त्या फळ्यांच्या फटींतून खालची माती दिसायची. चाकांतली हवा केव्हाच गेलेली, टायर निम्मे जमिनीत रुतलेले, चारी कोपऱ्यांना विटांचे टेकू. तरीही एका टोकाला कोणी चाललं की दुसऱ्या टोकाला आईची भांडी वाजायची. त्या वाजण्यावरून आईला पाठमोरी असताना कळायचं कोण आलं ते. दुपारी ऊन तापलं की पत्रा टण् टण् करत ताणला जायचा, आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की तसाच आवाज करत परत आकसायचा. वर कावळे चालायचे ते नखांसकट ऐकू यायचे. एका टोकाला स्टोव्ह, त्यावर सकाळी पेज, पेजेबरोबर सुक्या जवळ्याची चटणी किंवा भाजलेला बोंबील. रात्री भात आणि कुळथाची पिठी. आई कुडाळकडची, तिला नारळाशिवाय स्वयंपाक सुचायचा नाही, आणि नारळ आठवड्यातून एकदाच यायचा, तेव्हा ती त्याची करवंटी इतकी खरवडायची की आतून पांढरं काही उरायचं नाही. हल्ली माझ्या बोरिवलीच्या फ्रिजमध्ये खवलेल्या नारळाचं पाकीट असतं. मी ते उघडते तेव्हा मला अजून थोडं चोरटं वाटतं.

मिठागराची हवा पत्र्याला खाते. हे मला तिथे राहूनच कळलं. कपडे वाळत घातले तर दोरीवर गंजाचे डाग पडायचे, खिळा ठोकला तर वर्षात हातात येऊन चुरायचा. कॅबिनचं छप्पर म्हणजे शेजारी शेजारी ठेवून रिवेट मारलेले लोखंडी पत्रे. त्यांचा प्रत्येक जोड गंजला होता. पहिल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी गळलं, दुसऱ्यात किती ठिकाणी ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. बाबांनी काही केलं नाही असं नाही. त्यांनी सिमेंट थापलं, ते उन्हाने पत्रा ताणला गेल्यावर ढलप्या होऊन निघालं. प्लास्टिक टाकून वर दगड ठेवले, ते वाऱ्याने फाटलं आणि दगड गडगडत खाली आले. नंतर त्यांची कमर धरली आणि वर चढणं बंद झालं. तसंही मोठ्या माणसाचं वजन तो पत्रा सोसत नव्हता. आतलं प्लायवूड पाणी पिऊन फुगलं होतं, त्याची पोटं लोंबत होती. ती पोटं आई काठीने वर ढकलायची म्हणजे साठलेलं पाणी एकदम बादलीत पडायचं. गाद्या कायम ओलसर. सगळ्या खोलीला एक वास होता, भिजलेल्या कुत्र्यासारखा, आणि तो आमच्या कपड्यांना होता. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी थोडी सरकून बसायची. मी तिला दोष देत नाही.

अंतूला दमा होता. परळला असताना वर्षातून एकदोनदा व्हायचा. इथे पावसाळ्याचे चार महिने तो मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर ओणवा होऊन बसायचा, कारण आडवं झालं की श्वास घेता यायचा नाही. त्याच्या छातीतून येणारा आवाज मला शाळेतही ऐकू यायचा, म्हणजे तसा भास व्हायचा. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी आईला विचारलं, घर कसं आहे. आईने सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, औषध मी देईन, पण या मुलाला आणखी एक पावसाळा ओलीत काढायला लावू नका. याला कोरडी जागा द्या. परत येताना आईने अंतूला कडेवर घेतलं होतं. सात वर्षांचा मुलगा, पण वजन नव्हतंच. कोरडी जागा म्हणजे कुठे, हे आम्ही दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

साळवेकाका आमच्या आयुष्यात आले ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायचे. जालन्याकडचे, अंगाने आडवे, आवाज भरदार. भांडुपला एका वर्कशॉपमध्ये बसच्या बॉड्या बांधायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं, आणि डोळे अधू झाले तसं कामावरून कमी झाले होते. ते बाबांकडे तंबाखूला यायचे. एकदा बसल्या बसल्या त्यांनी कॅबिनच्या पत्र्यावरून हात फिरवला, बोटांनी रिवेट चाचपत चाचपत पूर्ण लांबी चालत गेले, आणि म्हणाले की ही जुन्या बसचीच बॉडी आहे, कापून बनवलेली, आणि सांगाडा अजून चांगला आहे. छप्पर दुरुस्त होईल. बाबा हसले, मीही हसले. आम्हाला सगळ्यांना असं सांगणारी माणसं भेटली होती. पण साळवेकाका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, वर कोण चढेल? माझं वजन नाय चालायचं, तुमची कंबर नाय. मग त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझा आवाज जिथून आला होता तिकडे, मान वळवली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. मे महिना होता, शाळेला सुट्टी. मी आणि साळवेकाका. आधी त्यांनी आतलं सगळं फुगलेलं प्लायवूड माझ्याकडून उचकटून घेतलं. आईचा जीव वरखाली होत होता, कारण आत काय निघेल याचा नेम नव्हता. निघाल्या त्या उंदरांच्या लेंड्या, मुंग्यांची वारुळं, आणि एक पिवळा पडलेला रस्त्याचा नकाशा, ज्याच्यावरचं एकही गाव आम्हाला ठाऊक नव्हतं. मग भर दुपारी त्यांनी दार-खिडक्या बंद करायला लावल्या, फटींना गोणपाट कोंबायला लावलं, आणि मला आत उभं केलं. बाहेर बेचाळीस पावलांवर हायवेचे ट्रक, आत मिट्ट काळोख आणि भट्टीसारखी धग. पाच मिनिटं काही दिसलं नाही. मग एकेक दिसायला लागलं. पत्र्यात टाचणीएवढे, मोहरीएवढे, कुठे तांदळाएवढे उजेडाचे ठिपके. मी घाम पुसायची विसरले. इतकी भोकं घेऊन आम्ही दोन पावसाळे राहत होतो.

"पोरी, पाणी जिथं टपकतं तिथून आत येत नसतं," साळवेकाका बाहेरून म्हणाले. "ते पत्र्याखालून दहा फूट चालत जातं अन् मग पडतं. तुझा बाप खाली बादली बघून वर सिमेंट लावत होता. उजेड खोटं बोलत नाय. जिथं उजेड, तिथं खडूनं गोल कर."

मी गोल केले. नंतर झाडूच्या काड्या त्या भोकांतून वर सारल्या, म्हणजे बाहेरून कळतील. त्या दिवशी संध्याकाळी आमचं छप्पर साळिंदरासारखं दिसत होतं, आणि अंतू खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पुढचे वीसएक दिवस मी त्या छपरावर पोटावर पडून काढले. फासळ्यांवर आडवी फळी टाकायची, फळीवर पालथं पडायचं, म्हणजे वजन एका जागी येत नाही. सकाळी सहाला चढायचं आणि दहाच्या आत उतरायचं, कारण त्यानंतर पत्र्याला हात लावता येत नव्हता. गंज ब्रशने खरवडायचा, सैल रिवेट छिन्नीने उडवायचा, त्या जागी नवा बोल्ट, आणि त्याच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला रबराचा गोल तुकडा. मग जोडावर डांबर. डांबर आमच्याच प्लॉटवर होतं, त्या दोन टाक्यांच्या तळाशी दगडासारखं घट्ट झालेलं. साळवेकाकांनी पहारीने फोडून काढलं. बाबांना ते पटत नव्हतं. शेठचा माल आहे, न विचारता कसा घ्यायचा, असं ते दोनदा म्हणाले. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग अंतूकडे बघितलं, आणि डालड्याचा रिकामा डबा चुलीवर ठेवला. डांबर वितळलं की त्यात बाबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या बुडवायच्या, चिमट्याने काढून जोडावर अंथरायच्या, वर पुन्हा डांबर. नुसतं डांबर उन्हाने तडकतं, आत कापड असलं की धरून ठेवतं. साळवेकाका खालून विचारायचे, पट्टीला चुण्या पडल्या का? बुडबुडा राहिला का? बोटानं दाबून बघ. मी त्यांचे डोळे होते. एकदा पट्टी मनगटावर पडली. कातडी पट्टीबरोबरच निघाली. आईने हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी मी डाव्या हाताने काम केलं. शेवटी सगळ्यावर चुन्याचे दोन हात, डांबर उन्हात पाघळू नये म्हणून.

या वयात मला विचारलं की तू सगळ्यात सुखी कधी होतीस, तर लोकांची अपेक्षा असते लग्न, मुलगा, असं काही. मी सांगत नाही, पण ते वीस दिवस. सकाळची मिठागरं वरून आरशासारखी दिसायची. अंगाला डांबराचा वास, आणि त्या दुसऱ्या वासापेक्षा तो कितीतरी बरा. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. एक मुलगा यंत्र घेऊन आला होता, भिंतीला लावलं की ओल किती ते आकड्यात दाखवणारं. मी त्याला विचारलं, आत कापड घालता का? तो म्हणाला, आंटी, केमिकल आहे. पुढच्या पावसात चौथा मजला गळला.

पण आमचं छप्पर गळलं नाही. पाऊस लागला, पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मुंबईतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं, हायवे बंद पडला, नाला फुगून साळवेकाकांच्या वस्तीपर्यंत आला, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत एक थेंब नाही. आई सारखी वर बघायची. बादल्या तिने कोपऱ्यात एकात एक घालून ठेवल्या होत्या, पण उचलून बाहेर ठेवायचा धीर तिला तीन आठवडे झाला नाही. गाद्या कोरड्या झाल्या. जुलैच्या मध्यावर एके दिवशी मी शाळेतून आले तर अंतू उताणा झोपला होता, हातपाय पसरून, तोंड उघडं. आई त्याच्याजवळ नुसती बसली होती. मला बोटाने खूण केली, आवाज करू नको.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. यापुढचं मी कोणाला सांगत नाही.

बाबांच्या मनातून ते डांबर जाईना. मिलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, सुटताना झडती द्यायची सवय. शेठचा माल वापरला, तर शेठला कळवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्यांना दुसरी भीती होती. प्लॉटवर राखण करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. थोरले शेठ वारले होते, धाकटे शेठ दोन वर्षांत एकदाही फिरकले नव्हते. ऑफिसला आपण आहोत याचा विसर पडेल आणि मग एक दिवस कोणीतरी काढून टाकेल, असं बाबांना वाटायचं. त्यापेक्षा आपण कॅबिन स्वतः दुरुस्त करून नीट राखली हे कळलं तर शेठ म्हणेल, माणूस कामाचा आहे. त्यांनी मला वही काढायला सांगितली.

आई स्टोव्हपाशी होती. तिने स्टोव्हची थोडी हवा सोडली, म्हणजे त्याचा आवाज कमी व्हावा आणि तिचं बोलणं ऐकू यावं. "गप रवा," ती म्हणाली. "तेंका काय्येक कळवू नका. गळणारी कॅबिन कोणाक नको होती, म्हणान ती आमका गावली. आता ती चांगली झाली ता तेंका कित्याक सांगतास?"

बाबांनी तिला समजावलं. शेठ काय कॅबिन घेऊन जाणार आहे? दहा वर्षं जागची हललेली नाही, टायर जमिनीत गेलेत. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुला काय वाटतं गं? आणि मी म्हणाले, लिहूया. मला वाटलं होतं काय, ते आता लपवून उपयोग नाही. मला वाटलं होतं, कोणीतरी बघायला यावं. मी केलेलं काम कोणीतरी कळणाऱ्या माणसाने बघावं. आणि माझं अक्षर चांगलं होतं.

बाबांनी चार ओळी सांगितल्या. कॅबिनचं छप्पर दुरुस्त केलं आहे, त्यासाठी टाकीतलं उरलेलं डांबर वापरलं, क्षमा असावी, आपला नम्र. एवढंच. त्या चार ओळींच्या खाली पुष्कळ जागा उरली होती. बाबा हात धुवायला बाहेर गेले आणि मी आणखी एक वाक्य लिहिलं. 'कॅबिन आता नव्यासारखी झाली आहे, सांगाडा मजबूत आहे, एवढ्या पावसात एक थेंबही आत येत नाही.' बाबा परत आले आणि त्यांनी न वाचता खाली सही केली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. पत्र बाजाराला जाताना टाकायला आईकडे दिलं.

श्रावण लागला तेव्हा जीप आली. धाकटे शेठ तिशीचे असतील, बोलायला गोड. बरोबर एक सुपरवायझर होता, त्याने चाकांजवळ बसून खालून टॉर्च मारला, सांगाड्यावर हातोडी वाजवून बघितली. शेठ आत आले, वर बघितलं, भिंतीवर हात ठेवला. कोरडा हात परत बघितला. "झकास ठेवलंय हो काका," ते बाबांना म्हणाले, आणि विचारलं, कोणी केलं? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांची छाती खरोखर फुगली होती, मी ती बघितली. शेठ माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, अरे वा. आईने चहा केला होता. त्यांनी तो उभ्या उभ्या प्यायला, आणि जाता जाता सांगितलं की पनवेलच्या पुढे नवीन काम लागलंय, तिथे कॅबिन लागणारच होती, नवी घ्यायच्या विचारात होतो. प्लॉटचा तर सौदा झालाच आहे, महिनाअखेर रिकामा करून द्यायचाय. काका, तुम्ही ऑफिसला येऊन हिशेब घेऊन जा.

हे सगळं ते इतक्या साधेपणाने बोलले की जीप गेटबाहेर पडेपर्यंत आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही. मला पहिल्यांदा लागला. आईला बहुधा त्याच्याही आधी, कारण तिने चहाचा कप विसळून पालथा घातला आणि लगेच फळीवरचे डबे उतरवायला घेतले.

आठवड्याने ट्रॅक्टर आला, दोन माणसं, चार टायर. बाबा ऑफिसला जाऊन आले होते. त्यांना बसवून ठेवलं होतं आणि मग दुसऱ्याच माणसाने बोलून परत पाठवलं होतं. आमचं सामान आम्ही कुंपणाच्या भिंतीला ताडपत्री बांधून तिच्याखाली ठेवलं. साळवेकाका आले होते. ते दगडावर बसून होते आणि काय चाललंय ते आवाजावरून समजून घेत होते. मला वाटलं होतं बाबा कुठेतरी निघून जातील, बघत उभे राहणार नाहीत. ते गेले नाहीत. त्या माणसांना जॅक नीट लावता येत नव्हता, तर बाबांनी दाखवलं, कुठल्या विटा आधी काढायच्या ते सांगितलं, कमर धरून वाकले आणि स्वतः एक टेकू ओढून काढला. एक माणूस वरून दोर टाकायला छपरावर चढू लागला तेव्हा फक्त बाबांचा आवाज चढला.

"वर पाय देऊ नका. माझ्या पोरीनं केलंय ते."

तो माणूस उतरला. दोर खालूनच टाकला त्यांनी. ट्रॅक्टर दोनदा घसरला, तिसऱ्यांदा खोली हलली, आणि रुतलेल्या चाकांच्या जागी चार खड्डे सोडून चिखलातून डुलत डुलत गेटबाहेर गेली. अंतू ताडपत्रीखालून बघत होता. त्याला वाटलं ती फिरून परत येईल, म्हणून तो बराच वेळ गेटकडे बघत राहिला. जिथे कॅबिन होती तिथे एक लांबट कोरडा चौकोन उरला होता, पांढरट माती, उजेडाशिवाय वाढलेलं फिकट गवत, आणि फटींतून इतक्या दिवसांत खाली पडलेलं आमचंच काही: माझी एक पेन्सिल, आईची बांगडी, मटार, गोट्या. आई ते गोळा करायला वाकली आणि तेवढ्यात सर आली. दोन मिनिटांत तो चौकोन बाकीच्या चिखलासारखा झाला.

ताडपत्रीखाली आम्ही सतरा दिवस काढले. अकराव्या दिवशी अंतूला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी घराबद्दल विचारलं नाही. आईने गावाला तिच्या भावाला तार केली. मामा आले, त्यांनी ताडपत्री बघितली, बाबांकडे बघितलं नाही, आणि म्हणाले मी याला नेतो, पावसाळा सरेपर्यंत. चेकनाक्यावर कुडाळची गाडी थांबायची. अंतू खिडकीत बसला, मामांच्या मांडीवर, आणि त्याने आईला विचारलं की तू मागच्या गाडीने येतेस ना. आई हो म्हणाली.

पावसाळा सरला, पण त्याला आणायचं कुठे? बाबांना मालाडला एका बिल्डिंगवर वॉचमनची नोकरी लागली, जिन्याखाली एका माणसाला निजण्यापुरती जागा, कुटुंब चालणार नाही. आई आणि मी घाटकोपरला आईच्या चुलतबहिणीकडे, तिच्या स्वयंपाकघरात. आई चार घरी पोळ्या करू लागली. मी दहावी कशीबशी केली आणि पुढे दवाखान्यात केसपेपर लिहायला लागले, निवृत्त होईपर्यंत तेच केलं. बाबा रविवारी यायचे, दारातच बसायचे, परक्यासारखे. मालाडच्या त्या जिन्याखालीच ते गेले. आम्ही चौघं पुन्हा एका छताखाली कधी राहिलो नाही. अंतू गावी वाढला, तिथे त्याचा दमा बरा झाला, आता त्याची काजूची बाग आहे आणि तो मामीला आई म्हणतो. आमच्या आईला तो मुंबईची आई म्हणायचा. फोनवर बोलायचा, चांगलं बोलायचा, तब्येत विचारायचा. पाहुण्याशी बोलावं तसं.

त्या एका वाक्याबद्दल मी कोणालाही बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही. आई शेवटच्या आजारात माझ्याकडे होती. एका दुपारी मी तिला भरवत होते आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी म्हणाले, आई, त्या पत्रात एक ओळ मी माझ्या मनाने घातली होती. बाबांनी सांगितली नव्हती. नव्यासारखी झाली आहे म्हणून. ती ओळ नसती तर शेठ आलाच नसता.

आईने तोंडातला घास सावकाश संपवला. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "दोन दिस माझ्या पिशयेत होता ता पत्र. मी पोस्टाच्या पेटयेपर्यंत गेलंय आणि परत इलंय. फाडून टाकूचा वाटला. पण तुझ्या बापाशीन विश्वासान दिल्यान म्हणान तिसऱ्या दिसाक टाकलंय."

मी चमचा ताटलीत ठेवला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्रात काय आहे ते तिला माहीत नव्हतं, आणि तरी तिला माहीत होतं. इतकी वर्षं, घाटकोपरच्या स्वयंपाकघरात एका चटईवर शेजारी शेजारी झोपून, आम्ही दोघी तेच एक पत्र आपापल्या बाजूने सांभाळत होतो. मला काहीतरी बोलायचं होतं. तुझी चूक नाही, असं. पण ते तिनेही मला म्हटलं नव्हतं.

"अंत्याक सांगू नको," ती म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.